सिडनी, १७९० : शिधा, चूल आणि एक भांडं

निळाई (धागाकर्ती)

सिडनीतल्या हॅरिस पार्कच्या विग्रम स्ट्रीटवर महिन्याचं वाणसामान भरून झालं की मी सरळ गाडीकडे जात नाही, रूज स्ट्रीटवरून वळसा घेते. तिथे पुढे ओसरी असलेलं एक बैठं घर आहे, एक्सपेरिमेंट फार्म कॉटेज. घर नंतरच्या काळातलं, पण जमीन तीच. इथे तेव्हा इंग्लंडहून आणलेल्या कैद्यांची वसाहत होती. नोव्हेंबर १७८९ मध्ये गव्हर्नर आर्थर फिलिपने जेम्स रूज नावाच्या कैद्याला इथे दीड एकर साफ केलेली जमीन, एक झोपडी, बियाणं आणि अवजारं दिली. आपली शिक्षा संपली असं रूज सांगत होता, पण कैद्यांचे कागद इंग्लंडमध्येच राहिलेले. फिलिपने त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला. एका माणसाला इथल्या जमिनीवर पोट भरायला किती दिवस लागतात, हे त्याला बघायचं होतं. फेब्रुवारी १७९१ मध्ये रूजने कळवलं, की मला आता सरकारी कोठारातला शिधा नको.

माझ्या हातात तांदळाची पिशवी असते आणि डोक्यात हे "शिधा नको". त्या दोन शब्दांची किंमत कळायला मला त्या वसाहतीची पहिली चार वर्षं दिवसागणिक वाचावी लागली. मुलाच्या शाळेतल्या धड्यात जहाजं, झेंडा आणि गव्हर्नर आहेत, चूल नाही. म्हणून हा धागा.

अकरा जहाजं १३ मे १७८७ ला पोर्टस्मथहून निघाली आणि २६ जानेवारी १७८८ ला सिडनी कोव्हमध्ये मुक्कामाला आली. हजारावर माणसं, त्यातली सातशेहून जास्त कैदी. बायकांना तर ६ फेब्रुवारीला उतरवलं, तोवर त्या जहाजावरच. भर उन्हाळा. राहायला तंबू, मग झोपड्या. ताडाच्या जातीचं 'कॅबेज ट्री' नावाचं झाड होतं, त्याची खोडं उभी करायची, मधे बारीक फांद्यांचा कुड विणायचा आणि वर माती लिंपायची. आपल्याकडे कोकणात कुडाच्या भिंती असत तशाच. इथल्या बाभळीच्या जातीच्या झाडांना आज सगळे 'वॉटल' म्हणतात, ते नाव या कुडावरून पडलं. पण मोठा पाऊस आला की लिंपण वाहून जायचं. विटांसाठी माती सापडली, विटा पाडणारा जेम्स ब्लडवर्थ हा कैदीही होता, पण चुनखडी कुठेच नव्हती. मग बायकांना किनाऱ्यावर शिंपले गोळा करायला लावलं आणि ते भाजून चुना केला. गव्हर्नरच्या घराच्या भिंती त्या शिंपल्यांवर उभ्या राहिल्या.

पाणी एका ओढ्याचं. दुष्काळ पडला तेव्हा त्याच्या काठच्या खडकात टाक्या खोदल्या, म्हणून तो 'टँक स्ट्रीम'. आज तो शहराखालच्या नळातून वाहतो आणि वरून लोक ऑफिसला जातात.

आता शिधा. सुरुवातीला पुरुषाला आठवड्याला सात पौंड पाव किंवा पीठ, सात पौंड खारवलेलं गोमांस किंवा चार पौंड डुकराचं मांस, तीन पाइंट वाटाणे आणि सहा औंस लोणी. बायकांना याच्या दोन तृतीयांश. सैनिक आणि कैदी यांचा शिधा सारखाच, फरक फक्त दारूचा. हे सैनिकांना फार झोंबलं. फिलिप बदलला नाही.

मग एकेक वाट बंद होत गेली. फार्म कोव्हला पेरलेलं धान्य जळून गेलं. मदतीला निघालेलं 'गार्डियन' जहाज डिसेंबर १७८९ मध्ये हिमनगावर आपटलं. १९ मार्च १७९० ला वसाहतीचं जहाज 'सिरियस' नॉरफोक बेटाच्या खडकांवर फुटलं. उरलं एकटं छोटं 'सप्लाय', तेही एप्रिलमध्ये धान्य आणायला बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला पाठवलं. त्याच महिन्यात शिधा ठरला : माणशी आठवड्याला अडीच पौंड पीठ, दोन पौंड तांदूळ, दोन पौंड डुकराचं मांस. दीड वर्षावरच्या प्रत्येक मुलाला आणि मोठ्या माणसाला सारखंच. शिधा रोज वाटायला लागले, कारण एकदम दिला तर लोक एकदम खायचे. फिलिपने स्वतःच्या मालकीचं तीन हंड्रेडवेट, म्हणजे दीडशे किलोच्या आसपास पीठ सार्वजनिक कोठारात टाकलं.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. मे १७९० मध्ये एक म्हातारा कैदी रोजचा शिधा घ्यायला कोठाराशी आला आणि तिथेच कोसळला. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात त्याचा जीव गेला. शव उघडून पाहिलं तर पोट रिकामं. वसाहतीचा न्यायाधिकारी डेव्हिड कॉलिन्स याने चौकशीत निघालेलं कारण लिहून ठेवलंय : या माणसाकडे शिजवायला भांडं नव्हतं आणि कुणाच्या भांड्यात त्याचा वाटाही नव्हता. जो भांडं देईल त्याला तो आपल्या तुटपुंज्या शिध्यातला हिस्सा द्यायचा. ज्या दिवशी देणं जिवावर यायचं त्या दिवशी तांदूळ कच्चाच खायचा.

हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ आमच्या ओट्याखालचा भांड्यांचा कप्पा बघत बसले.

तुमच्यापैकी कुणी या काळाबद्दल वाचलं असेल, तर तारखांपेक्षा रोजचं जगणं लिहा. काय खायचे, काय नेसायचे, कशावरून भांडायचे.

वाटाड्या

भांड्याचं वाचून पोटात तुटलं. उपाशी लोकांत भाड्याने दिलेलं भांडं. शिधा सगळ्यांना सारखा वाटला, पण शिजवायची सोय सारखी नव्हती, हे कोठाराच्या वहीत कुठे दिसणार? पुढे लिहा, वाचतोय.

पुरणयंत्र

निळाईताई, बाईमाणूस म्हणून पहिला प्रश्न हाच : तीन-चार वर्षं खारवलेलं मांस शिजवायचे कसे? आणि पाहुणे आले तर काय करायचे?

निळाई

पुरणयंत्रताई, याचं उत्तर मरीन दलाच्या वॉटकिन टेंच या अधिकाऱ्याने लिहिलंय. मांस इतकं वाळलेलं, की उकळलं तर अर्धं नाहीसं व्हायचं. म्हणून तुकडा काट्याला टोचून विस्तवावर धरायचे आणि गळणारा चरबीचा थेंब न् थेंब खाली धरलेल्या पावावर किंवा भातावर झेलायचे. तांदूळ किड्यांनी हलत असायचा. पाहुण्यांचं विचाराल तर, जेवायला बोलवताना निरोप असायचा की आपला पाव आपण घेऊन या. गव्हर्नरच्या टेबलावरही हाच नियम. अधिकारी खिशातून पाव काढून ताटाशी ठेवायचे.

चहा संपला होता. जंगलात एक वेल होती, तिची पानं उकळली की गोडसर, किंचित कडवट पाणी व्हायचं. 'स्वीट टी' म्हणायचे. रक्तपितीवर, म्हणजे हिरड्या सुजून दात हलतात त्या आजारावर, डॉक्टरही तीच द्यायचे. किनाऱ्यावर पालकासारखी एक रानभाजी मिळायची. ती आज इथल्या महागड्या हॉटेलांत 'वॉरिगल ग्रीन्स' म्हणून मिळते.

कपड्यांचं तर विचारू नका. पहाऱ्याच्या तुकडीत बूट घातलेल्यांपेक्षा अनवाणी शिपाई जास्त, असं टेंच लिहितो. ठिगळाला ठिगळ लावण्यात सगळे वाकबगार झालेले.

तळटीप

भांडणाचं विचारलंत म्हणून.

अन्नचोरीला फाशी होती. थॉमस बॅरेटला २७ फेब्रुवारी १७८८ ला फासावर दिलं, वसाहतीला जेमतेम महिना झाला होता. मार्च १७८९ मध्ये तर कोठाराची राखण करणारे सहा मरीनच फासावर गेले. बनावट किल्ली करून महिनोन्‌महिने चोरी चालली होती, एकदा किल्ली कुलपात मोडली आणि सगळं उघडकीला आलं.

पण याच वसाहतीतला पहिला दिवाणी दावा कैद्यांनी जिंकला, तो मला या सगळ्यात सर्वांत प्रिय आहे. हेन्री केबल आणि सुझॅना होम्स नॉरिचच्या तुरुंगात भेटले, तिथेच त्यांना मूल झालं. जहाजावर चढवताना बाळाला नाकारलं. तुरुंगाचा पहारेकरी बाळाला घेऊन थेट लंडनला मंत्र्याच्या दारात उभा राहिला आणि तिघांना एकत्र पाठवण्याचा हुकूम घेऊन आला. ही गोष्ट पसरली तशी लोकांनी वर्गणी काढून त्यांना कपड्यांचं आणि पुस्तकांचं एक गाठोडं दिलं. सिडनीला पोचल्यावर ते 'अलेक्झांडर' जहाजावरून गायब. जुलै १७८८ मध्ये दोघांनी जहाजाच्या कप्तानावर दावा लावला. इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे फाशीची शिक्षा होऊन ती माफ झालेल्या कैद्याला दावा लावण्याचा हक्कच नव्हता. कोर्टाच्या कागदात त्यांना कैदी म्हटलेलंच नाही, या जागेचे नवे रहिवासी म्हटलंय. निकाल : कप्तानाने पंधरा पौंड द्यावेत.

ज्याने हा दावा चालवला तो न्यायाधिकारी म्हणजे निळाईंच्या म्हाताऱ्याची नोंद करणारा कॉलिन्सच.

काळी_माती

मी यवतमाळचा, कृषी विद्यापीठात शिकलेला, सध्या मेलबर्नला. जेम्स रूजवर चार ओळी लिहिल्याशिवाय राहवत नाही.

त्याच्याकडे नांगर नव्हता, ओढायला जनावर नव्हतं. वसाहतीची मोजकी गुरं १७८८ मध्येच रानात भरकटली होती. म्हणजे सगळं कुदळीवर. त्याने टेंचला आपली पद्धत सांगितली आहे. तोडलेली लाकडं तिथेच जाळायची आणि राख मातीत खणून घालायची. मग जमीन नुसती वरवर न खरवडता ढेकळं फोडून खोल उलटायची. उन्हावाऱ्याला पडू द्यायची. गवत खाली गाडून कुजू द्यायचं आणि पेरणीच्या आधी पुन्हा एकदा माती परतायची. माझ्या आजोबांनी हे ऐकलं असतं तर मान डोलावली असती. खत नाही, जनावर नाही, म्हणजे शेणही नाही. अशा जमिनीला हवा आणि कुजलेलं गवत एवढंच देता येतं, आणि त्याने ते दिलं. सरकारी शेतावर शंभरेक कैदी मुकादमाच्या धाकाने खणत होते. इथे एक माणूस आपल्या पोटासाठी खणत होता. मातीला हा फरक कळतो, हे मी शेतात राबलेला माणूस म्हणून लिहितो.

एलिझाबेथ पेरी या कैदी बाईशी त्याने सप्टेंबर १७९० मध्ये लग्न केलं. ती त्याच वर्षी 'लेडी जुलियाना' जहाजातून आलेली. त्या शेतात तिचाही घाम आहे, नाव मात्र रस्त्याला एकट्या रूजचं. १७९३ मध्ये त्याने जमीन डॉक्टर जॉन हॅरिसला चाळीस पौंडांना विकली. हॅरिस पार्कमधला हॅरिस तो हाच. रूज कॅम्पबेलटाउनला पुरलाय. थडग्याचा दगड त्याने स्वतः कोरला, वेड्यावाकड्या स्पेलिंगमध्ये, की या वसाहतीत पहिलं धान्य मी पेरलं. खरं तर त्याच्या आधी रोझ हिलच्या सरकारी शेतावर हेन्री डॉडने गहू काढला होता. तरी त्या दगडाचा मी मान राखतो. स्वतःच्या जमिनीवर, स्वतःसाठी पेरणारा तो पहिलाच.

पुरणयंत्र

काळी_माती, गायी हरवल्या म्हणालात, पुढे सापडल्या का? तेवढं सांगा.

काळी_माती

सापडल्या! सात वर्षांनी, १७९५ मध्ये, सिडनीच्या नैर्ऋत्येला नदीपलीकडच्या कुरणात. चांगला वाढलेला कळप. माणसं शिध्याच्या रांगेत उभी होती तेव्हा गुरं गुपचूप गबर होत होती. त्या भागाला 'काउपास्चर्स' नाव पडलं. त्याआधी तिथल्या मूळ रहिवाशांनी हा अनोळखी प्राणी पाहिला होता. कॅम्पबेलटाउनजवळ एका खडकाच्या कपारीत कोळशाने काढलेलं बैलांचं चित्र आहे, त्या जागेला 'बुल केव्ह' म्हणतात.

रानवारा

वर सगळं वाचलं. निळाई, तुमच्या लिहिण्याचा मान ठेवून एक स्पष्ट सांगते. एवढ्या मोठ्या लेखात ज्यांची ती जमीन होती त्या लोकांचा एकही शब्द नाही, आणि काळी_मातीच्या प्रतिसादात ते शेवटी आले तेही बैलाचं चित्र काढण्यापुरते. तो ओढा, तो किनारा कॅडिगल लोकांचा होता. सिडनी कोव्हचं नाव वारान. रोझ हिलला १७९१ पासून पॅरामॅटा म्हणतात, ते बुरामाटावरून आलंय, म्हणजे वामट माशांची जागा.

उपासमारीची गोष्ट त्यांच्या बाजूने वाचा. त्याच खाडीत बायका झाडाच्या सालीच्या 'नावी' नावाच्या होडक्यात बसून मासे धरत होत्या. शंख घासून केलेला गळ, सालीच्या धाग्याची दोरी, होडक्यात मातीच्या थरावर पेटता विस्तव आणि मांडीवर मूल. मासा निघाला की तिथेच भाजून मुलाच्या तोंडात. तुमच्या म्हाताऱ्याकडे भांडं नव्हतं. इथे भांड्याची गरजच नव्हती. मग पांढऱ्यांची मोठी जाळी आली. १७९० मध्ये एकदा जाळ्याच्या दोन खेपांत चार हजारांच्या आसपास मासे काढले. ज्यांचं जगणं त्या खाडीवर, त्यांना हे कसं दिसलं असेल?

आणि एप्रिल १७८९. देवीची साथ. कपारीकपारींतून प्रेतं. बेनेलाँग या तिथल्याच माणसाच्या सांगण्याप्रमाणे या भागातले अर्धे लोक गेले. कॅडिगल तर मोजून तीन उरले, असं त्याने सांगितलं. फिलिपने जबरदस्तीने पकडून आणलेला अराबानू आजाऱ्यांची शुश्रूषा करता करता स्वतः गेला. ननबरी आणि बुरोंग ही दोन मुलं तेवढी जगली, त्यांना डॉक्टरच्या आणि पाद्र्याच्या घरी ठेवलं.

याला 'सरहद्दीवरची वसाहत' म्हणायचं तर सरहद्द कुणाच्या घरातून जात होती, तेही लिहायला हवं.

निळाई

रानवारा, तुमचं बरोबर आहे आणि मला लागलंही. मी कोठाराच्या वहीतून आत शिरले आणि तिथेच अडकले. शिधा घेणाऱ्यांचीच नावं त्या वहीत असणार. धाग्याचं शीर्षक तसंच ठेवते, कारण चूल होडक्यातही होती. पण सुरुवातीचा लेख अपुरा आहे, हे इथे सगळ्यांसमोर मान्य करते.

एक मात्र विचारते, भांडायला नाही. फिलिप त्या काळाच्या मानाने न्यायी होता, असं तुम्हाला नाही वाटत? ७ सप्टेंबर १७९० ला मॅनलीला त्याच्या खांद्यात भाला घुसला, तरी त्याने सूड घेऊ दिला नाही.

रानवारा

सप्टेंबरचं खरं आहे. डिसेंबरचंही खरं आहे. गव्हर्नरच्या एका शिकाऱ्याला पेमुलवुई या मूळ रहिवाशाने भाल्याने भोसकलं, तेव्हा याच फिलिपने बॉटनी बेच्या बाजूला तुकडी पाठवली. हुकूम होता दोघांना पकडायचं आणि दहा जणांना मारून त्यांची मुंडकी आणायची. टेंचने रदबदली करून आकडा सहावर आणला. तुकडी पिशव्या आणि कुऱ्हाडी घेऊन गेली, एकही माणूस हाती लागला नाही. विल्यम डॉज या लेफ्टनंटने आधी जायला नकार दिला, मग गेला, आणि नंतर सांगितलं की गेल्याचा पश्चात्ताप होतो. शिधा वाटताना न्यायी असणं आणि जमिनीच्या बाबतीत न्यायी असणं, या दोन गोष्टी एकाच माणसात वेगवेगळ्या असू शकतात. मी त्याला राक्षस म्हणत नाही. पण न्यायी हा शब्द मी राखून ठेवीन.

तो शब्द मी बरांगारूसाठी वापरेन. बेनेलाँगची बायको. गव्हर्नरच्या घरी जेवायला आली तरी कपडे घालायला तयार नसायची. १७९१ मध्ये एका कैद्याने कोलबी या कॅडिगल माणसाच्या बायकोचं, दारिंगाचं, मासेमारीचं सामान चोरलं. गळ आणि दोरी म्हणजे तिथल्या बाईची अख्खी रोजीरोटी. आपण न्याय करतो हे दाखवायला गोऱ्यांनी त्या कैद्याला मूळ रहिवाशांसमोर फटके मारले. दारिंगा रडायला लागली. बरांगारूने काठी उचलली आणि फटके मारणाऱ्याच्या अंगावर धावून गेली. चोरी त्यांची झाली होती, तरी हा न्याय तिला पाहवला नाही.

आज डार्लिंग हार्बरच्या शेजारी तिच्या नावाचं पूर्ण उपनगर आहे. तिथल्या काचेच्या इमारतींत आपली कितीतरी मराठी मुलं नोकरीला जातात. त्यांना कुणीतरी सांगा, हे एका कोळणीचं नाव आहे.

दर्यावर्दी

मी मर्चंट नेव्हीत सदतीस वर्षं काढली, सिडनी बंदरात अनेकदा लागलो. आपल्या बाजूचा एक धागा जोडतो.

'अटलांटिक' हे जहाज अन्नासाठी कलकत्त्याला पाठवलं होतं. २० जून १७९२ ला ते परत आलं, पोटात तांदूळ, सुजी आणि डाळ. इंग्रजांच्या नोंदीतही शब्द सुजी आणि डाळ हेच आहेत, स्पेलिंग तेवढं त्यांचं. म्हणजे निळाई, तुमच्या पिशवीतला रवा आणि डाळ सिडनीत पहिल्यांदा आले ते विग्रम स्ट्रीटच्या दुकानात नव्हे, सरकारी शिध्यात.

पाच वर्षांनी 'सिडनी कोव्ह' याच नावाचं जहाज कलकत्त्याहून दारू आणि इतर माल घेऊन निघालं आणि फेब्रुवारी १७९७ मध्ये टास्मानियाच्या उत्तरेला एका बेटावर फुटलं. मदत आणायला सतरा जण होडीतून निघाले, पाच गोरे आणि बारा लस्कर, म्हणजे आपल्याकडचे खलाशी. होडीही किनाऱ्यावर फुटली. मग चालायला लागले, सातशे किलोमीटरच्या आसपास. वाटेत मूळ रहिवाशांनी कित्येकदा मासे दिले, नद्या होडक्यांतून पार करून दिल्या, आणि काही ठिकाणी हल्लेही झाले. मे महिन्यात तिघेच जिवंत सापडले, त्यात एक लस्कर. थंडीच्या तोंडावर, अनवाणी, अनोळखी किनाऱ्याने. डेकवर उभं राहून मी तो किनारा पाहिलाय. खडक, खाडी, परत खडक.

गिरगावकर

दर्यावर्दीकाका, आणखी एक दुवा, थेट आपल्या मुंबईचा. पुढे १ जानेवारी १८१० ला गव्हर्नर झालेला लॅकलन मॅक्वारी आधी मुंबईत फौजेत होता, १७९३ मध्ये त्याचं लग्नही मुंबईतच झालं. कोचीनला १७९५ मध्ये त्याने एक लहान मुलगा विकत घेतला, त्याचं नाव ठेवलं जॉर्ज जार्व्हिस. तोच त्याचा गडी म्हणून सिडनीपर्यंत गेला. सिडनीत नाण्यांची इतकी टंचाई, की मजुरीसुद्धा दारूत चुकवत. १८१३ मध्ये मॅक्वारीने चाळीस हजार स्पॅनिश डॉलरना मधोमध भोक पाडून घेतलं, म्हणजे एका नाण्याची दोन झाली. भोकं पाडणारा विल्यम हेन्शॉल हा खोटी नाणी पाडल्याबद्दल शिक्षा झालेला कैदी. विषय थोडा पुढच्या काळात गेला, क्षमस्व.

पुरणयंत्र

एक शंका. पुढे मका पिकायला लागल्यावर तरी पोटं भरली का?

निळाई

काही अंशी. गव्हापेक्षा मका इथे चांगला आला. पण शिध्यात अख्खा मका द्यायचे आणि हातगिरण्या पुरेशा नव्हत्या. दिवसभर खणून आलेल्या माणसाने रात्री दळणाच्या रांगेत उभं राहायचं. पहिली पवनचक्की १७९७ ची. म्हणजे आधी भांडं नाही, मग जातं नाही.

आणि रानवारांनी सांगितलंय म्हणून हेही लिहिते. रूज १७९४ मध्ये हॉक्सबरी नदीकाठी गेला. तिथली गाळाची जमीन फार सुपीक. त्या काठावर मूळ रहिवाशांचे रानकंद होते, तेच उपटून मका लावला. कंद गेले म्हणून लोक मका घ्यायला आले, आणि शेतकऱ्यांनी गोळ्या घातल्या. पुढची कित्येक वर्षं तिथे हेच चाललं. शिधा नको म्हणणाऱ्या माणसाच्या शेताची ही दुसरी बाजू मला कालपर्यंत जोडून दिसली नव्हती.

शब्दवेडी

उशिरा आले, पण रानवारांनी डॉजचं नाव घेतलं म्हणून लिहितेच.

मुंडकी आणायच्या मोहिमेवर गेल्याचा पश्चात्ताप झालेला हा लेफ्टनंट खगोलशास्त्रज्ञ होता. बंदराच्या टोकाला त्याची वेधशाळा होती, आता त्या जागेला डॉज पॉइंट म्हणतात. तिथे पट्यगारांग नावाची एक तरुण मुलगी यायची. तिच्याकडून तो भाषा शिकला आणि वहीत लिहीत गेला. १७९०-९१ मधल्या त्या वह्या पुढे हरवल्यासारख्याच होत्या, १९७२ मध्ये लंडनच्या एका ग्रंथालयात लक्षात आल्या. आज त्या भाषेचं काम करणाऱ्यांना त्याच वह्या उपयोगी पडतात.

त्यात नुसते शब्द नाहीत, संभाषणं आहेत. तिथले लोक रागावलेत का, असं तो विचारतो. ती सांगते, गोरे इथे राहायला आलेत म्हणून. कॅमेरेगल लोक घाबरलेत, का? बंदुकांमुळे. इतकं साधं उत्तर त्याने जसंच्या तसं उतरवून ठेवलंय.

आणि एक क्रियापद आहे, पुटुवा. अर्थ त्याने असा लिहिलाय : आपला हात विस्तवावर शेकायचा आणि मग दुसऱ्याची बोटं हळुवार दाबायची.

पुरणयंत्र

पुटुवा. आई थंडीत शेगडीशी बसून माझे हात असेच धरायची, आमच्याकडे त्याला शब्दच नव्हता.

निळाई

शब्दवेडी, त्या वह्यांची पानं नेटवर बघायला मिळतात, आज दुपारी शोधून वाचली. अक्षर बारीक आहे, खाडाखोड खूप. मुलालाही दाखवली. त्याने आधी तो शब्द मोठ्याने वाचला आणि मग विचारलं, त्या आजोबांना कुणीच भांडं का नाही दिलं?

रविवारी आम्ही दोघं रूज स्ट्रीटवरून पुढे नदीपर्यंत चालत जाणार आहोत. या बाजूला राहणारं कुणी येणार असेल तर कळवा. सकाळी नऊला निघू, पाण्याच्या बाटल्या आणि डबा आपापला आणा.